घरच्यांनी मोजलेले तास

मुलांच्या हातातला व्हिडिओ गेम कुणीतरी रात्र रात्र जागून बनवतं. त्या जागरणांचा हिशेब कंपनीच्या वहीत सहसा सापडत नाही. तो आजवर जगापुढे मांडला तो बहुतेक वेळा घरच्यांनी... कधी बायकोने, कधी आईने. बारा तासांच्या पाळ्या पाहिलेल्या उरल्यासारख्या कारखान्यांच्या गावाला ही गोष्ट फारशी परकी वाटणार नाही.

मराठी माणसाला ‘उरला’ हा शब्द ऐकून आधी क्रियापद आठवतं. पण हे गावाचं नाव आहे. छत्तीसगडची राजधानी रायपूर, तिच्या उत्तरेला बिरगाव आणि बिरगावला लागून उरल्याची औद्योगिक वसाहत. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या, सळया काढणाऱ्या रोलिंग मिल आणि लहानमोठे इतर कारखाने. तापून लालभडक झालेली सळई चिमट्यात धरायची आणि पुढच्या रुळात घालायची, हे रोलिंग मिलमधलं काम. मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. तेव्हा भट्टीपुढे काय होत असेल याची कल्पना पंख्याखाली बसून येणार नाही. इथले बरेचसे कामगार कंत्राटी. कागदावर पाळी आठ तासांची असते, कंत्राटी कामगार मात्र बोलतो ते बारा तासांबद्दल.

अशा गावात व्हिडिओ गेमचं काय काम, असं कुणी विचारेल. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर टेकलेल्या कुठल्याही तरुण कामगाराकडे बघा. एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात मोबाइल. त्या मोबाइलवर बंदुकीची लढाई चालू असते, नाहीतर मोटारींची शर्यत. दिवसभराच्या कामाचा शीण घालवायचा हा सर्वांत स्वस्त उपाय. (पैसे लावून खेळायच्या गेमची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. या लेखात तो विषय नाही.)

आता प्रश्न असा, की बारा तास राबलेल्या या माणसाचा शीण घालवणारा खेळ ज्याने बनवला, त्याची पाळी किती तासांची? उत्तर ऐकून उरल्याच्या कामगारालाही आश्चर्य वाटेल. गेम बाजारात यायची तारीख जवळ आली की तीही बाराच तासांची होते, कधी चौदा, आणि आठवड्याची सुट्टीही जाते. या धंद्यात त्याला ‘क्रंच’ म्हणतात. शब्द चणेफुटाण्यासारखा कुरकुरीत आहे, पण त्याने आजवर अनेकांची तब्येत आणि कित्येकांचे संसार खाल्ले आहेत.

पाच आठवडे आणि एक खड्डा

ही रीत आजची नाही. १९८२ सालची गोष्ट. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ हा चित्रपट जूनमध्ये आला आणि जगभर गाजला. अमेरिकेतल्या अटारी कंपनीला त्यावर गेम काढायचा होता. हक्कांची बोलणी जुलै अखेरपर्यंत लांबली आणि नाताळच्या बाजारात माल पोचवायचा तर गेम सप्टेंबरच्या सुरुवातीला तयार हवा होता. एरवी या कामाला कित्येक महिने लागत. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुण प्रोग्रॅमरने ते पाच आठवड्यांत करायचं कबूल केलं. कामाचं यंत्र त्याने घरीही बसवून घेतलं, म्हणजे ऑफिस आणि घर यांतला जाण्यायेण्याचा वेळसुद्धा वाया जायला नको!

गेम वेळेवर तयार झाला, पण तो खेळणाऱ्यांना आवडला नाही. लाखो कॅसेट पडून राहिल्या. पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, कंपनीने न खपलेल्या मालाचे ट्रकच्या ट्रक न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाजवळ खड्ड्यात पुरले. बरीच वर्षं लोक ही दंतकथा समजत होते. एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा उकरला, तेव्हा खरोखरच ‘ई. टी.’च्या कॅसेट बाहेर आल्या. वॉरशॉ पुढे काय झाला म्हणाल? मानसोपचार करणारा थेरपिस्ट! कॉम्प्युटरच्या धंद्यात शिणलेल्या माणसांवर उपचार करणं हेच त्याचं दुसरं करिअर झालं.

तारीख आधी ठरते आणि काम नंतर मोजलं जातं, हे त्या वेळी झालं आणि पुढेही होत राहिलं. यामागचं कारण समजून घ्यायला हवं, नाहीतर सगळा दोष मालकाच्या लोभावर टाकून आपण मोकळे होऊ. लोभ असतोच, पण गेम हा मालही विचित्र आहे. समजा, कथेतल्या नायकाची उडी हातभर उंच करावी असं काम अर्ध्यावर आल्यावर कुणाला वाटलं. वाटायला काय, एका वाक्याची सूचना! पण मग ज्या ज्या भिंतीवरून त्याने उडी मारू नये असं ठरलं होतं, त्या सगळ्या भिंती बदलाव्या लागतात. चित्रकार नव्याने चित्रं काढतो, अॅनिमेटर हालचाली बदलतो, प्रोग्रॅमर नवे हिशेब घालतो. आणि हे सगळं झाल्यावर टेस्टर नावाचा माणूस त्या प्रत्येक भिंतीवर शेकडो वेळा उडी मारून बघतो, की नायक कुठे भिंतीत अडकून तर बसत नाही ना. अलीकडच्यांना उशीर झाला की तो सगळा पलीकडच्या माणसाच्या माथी येतो. टेस्टर रांगेत शेवटचा. म्हणून त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त रात्री आणि बहुधा सर्वांत कमी पगार. मुलांना वाटतं, गेम खेळायचे पैसे मिळतात म्हणजे काय मज्जा! एकच दार आठवडाभर उघडून-मिटून बघितल्यावर ती मज्जा किती उरते ते त्यालाच विचारावं.

बरं, इतकं जागून काम तरी जास्त होतं का? जॉन पेन्केव्हल या स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. त्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ७० तास राबणाऱ्या कामगाराचं उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यापेक्षा फारसं जास्त नव्हतं. म्हणजे चौदा तास जवळजवळ फुकट. आणि हे कारखान्यातलं हाताचं काम होतं, डोक्याने करायचं नव्हे.

एका पत्राने केलेला घोटाळा

१० नोव्हेंबर २००४ रोजी इंटरनेटवर एक निनावी पत्र प्रसिद्ध झालं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकेतली बलाढ्य गेम कंपनी. तिथल्या एका प्रोग्रॅमरच्या वाग्दत्त वधूने ते लिहिलं होतं. तिने सही केली होती ती ‘ईएची गृहिणी’ अशा अर्थाच्या टोपणनावाने. पत्रात आरडाओरडा नव्हता, हिशेब होता. आधी सांगितलं रोज आठ तास आणि आठवड्याचे सहा दिवस. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, म्हणाले. मग झाले रोज बारा तास, तेही सहा दिवस. शेवटी सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सोडलं तर ती मेहेरबानी. आठवड्याचे तास भरतात पंच्याऐंशी. या जादा तासांचे पैसे नाहीत आणि बदली रजाही नाही. घरी येणाऱ्या माणसाला डोकेदुखी, पोटदुखी. चीड आणणारी गोष्ट ही, की काम मागे पडलेलं नव्हतं. ते वेळापत्रकाप्रमाणे चालू होतं आणि तरीही हे सगळं सुरू झालं होतं.

पत्र वाऱ्यासारखं पसरलं. कारण ते वाचणाऱ्या हजारो घरांना आपलीच कहाणी वाचल्यासारखं वाटलं. कंपनीतल्या चित्रकारांनी आणि प्रोग्रॅमरांनी जादा कामाच्या पैशांसाठी खटले भरले होते. कंपनीचं म्हणणं, हे पगारी व्यावसायिक आहेत, यांना ओव्हरटाइम लागू नाही. कर्मचाऱ्यांचं म्हणणं, आमच्या कामात ना अधिकार ना स्वातंत्र्य, मग आम्ही कसले व्यावसायिक? २००५ मध्ये चित्रकारांचा खटला एक कोटी ५६ लाख डॉलरवर मिटला. पाठोपाठ २००६ मध्ये प्रोग्रॅमरांचा एक कोटी ४९ लाख डॉलरवर. त्याच वर्षी पत्रलेखिकेने आपलं नाव जाहीर केलं. तिचं नाव एरिन हॉफमन. ती स्वतःही गेम लिहिणारीच होती.

पत्रानंतर पाच वर्षांनी, जानेवारी २०१० मध्ये, रॉकस्टार कंपनीच्या सॅन डिएगो शाखेतल्या कर्मचाऱ्यांच्या बायकांनी मिळून असंच पत्र काढलं. बारा तासांचे दिवस, सक्तीचे शनिवार, नवऱ्यांच्या ढासळत्या तब्येती... मजकूर जवळपास तोच. त्या वर्षी मे महिन्यात आलेला त्यांचा गेम तुफान चालला. २०१८ मध्ये त्याचा पुढचा भाग आला, तेव्हा कंपनीचे एक प्रमुख डॅन हाउझर मुलाखतीत शंभर तासांच्या आठवड्यांबद्दल बोलून गेले. गहजब झाल्यावर खुलासा आला, की ते फक्त लेखनाच्या चौघांबद्दल आणि तीन आठवड्यांपुरतं होतं.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने तर आधी सक्तीचा क्रंच करणार नाही असं वचन दिलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते मोडून सहा दिवसांचा आठवडा जाहीर केला. तिथल्या कायद्याप्रमाणे जादा पैसे मिळाले, हे सांगायला हवं. एवढं करून डिसेंबरमध्ये आलेला ‘सायबरपंक २०७७’ इतका कच्चा निघाला, की आठवडाभरात सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत केले.

आईने लिहावं, मुलीने गप्प राहावं

या सगळ्यात एक गोष्ट ठळकपणे दिसते. बोललं कोण? घरातली माणसं. ज्याच्यावर बेतलं तो गप्प. असं का व्हावं? एक तर नोकरीच्या करारात गुप्ततेची कलमं असतात, तोंड उघडलं तर नोकरी जायची. दुसरं, गेमच्या शेवटी चित्रपटासारखी नावांची यादी येते. गेम बाजारात येण्याआधी नोकरी सोडली तर त्या यादीत आपलं नाव येईलच याची खात्री नसते. तीन-चार वर्षांची मेहनत आणि नाव नाही, म्हणजे पुढची नोकरी मागताना दाखवणार काय? आणि तिसरं कारण सर्वांत अवघड. या मुलांचं या कामावर प्रेम असतं. लहानपणी जो गेम खेळलो तसा आपण बनवतोय, हे स्वप्न असतं. बाहेर हजार जण रांगेत उभे आहेत, तुला जमत नसेल तर सांग, एवढं साहेबाने म्हटलं की बास. उरल्याचा कामगार भट्टीवर प्रेम करत नाही. त्यामुळे त्याला आपण जास्त राबतोय हे निदान लगेच कळतं!

हे फक्त गेमच्या धंद्यापुरतं नाही. जपानमध्ये अतिकामाने येणाऱ्या मरणाला स्वतंत्र शब्दच आहे, ‘करोशी’. देन्त्सू या जाहिरात कंपनीतल्या चोवीस वर्षांच्या मात्सुरी ताकाहाशीने २०१५ च्या नाताळच्या दिवशी जीव दिला. एका महिन्यात तिचे जादा कामाचे तास शंभराच्या वर गेले होते. सरकारने ती करोशी मानली, कंपनीच्या अध्यक्षांनी पद सोडलं. २०१८ मध्ये जपानने जादा तासांवर कायद्याने मर्यादा घातली. यामागे सतत उभी राहिली ती तिची आई, युकिमी.

आणि आपलं पुणं? ॲना सबॅस्टियन पेरायिल ही सव्वीस वर्षांची केरळी चार्टर्ड अकाउंटंट मार्च २०२४ मध्ये पुण्यात ईवाय या बड्या कंपनीत लागली. चार महिन्यांनी, २० जुलैला, ती गेली. तिच्या आईने, अनिता ऑगस्टीन यांनी, कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. मुलीच्या पदवीदान समारंभासाठी आईवडील पुण्याला आले, त्या दिवशीही ती दुपारपर्यंत घरून काम करत होती आणि समारंभाला पोचायला उशीर झाला, असं त्या माउलीने लिहिलं होतं. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केलं नाही. ती बाजूही नोंदवायला हवी. पण त्यानंतर जे पुढे आलं ते आमच्या मते अधिक बोलकं होतं. महाराष्ट्राच्या कामगार खात्याने त्या कार्यालयाची पाहणी केली. २००७ पासून चाललेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच झालेली नव्हती, त्यासाठीचा अर्ज फेब्रुवारी २०२४ मध्ये केला गेला होता, असं अतिरिक्त कामगार आयुक्तांनी सांगितलं. कामाचे तास किती असावेत हे ज्या कायद्यात लिहिलं आहे, तोच हा कायदा. सतरा वर्षं सरकारच्या वहीत ते ऑफिस नव्हतंच. मग तास मोजणार कोण?

पुणं, बंगळूर आणि दोन घड्याळं

आपल्याकडे गेम बनवण्याचा धंदा काही कालपरवाचा नाही. बंगळूरमध्ये राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ मध्येच काढली. ती २०१९ मध्ये वर उल्लेख आलेल्या रॉकस्टारनेच विकत घेतली. फ्रान्सच्या युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासूनचा. आपल्या मुलांना इथे मिळणारं काम बरेचदा परदेशी गेमच्या एखाद्या तुकड्याचं असतं... झाडं, गाड्या, इमारती, किंवा टेस्टिंग. तारीख ठरते माँट्रिअल किंवा न्यूयॉर्कला. तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. मीटिंग त्यांच्या सोयीने होते. सकाळी दहाला ऑफिसात गेलेला मुलगा रात्री दहाला कॉम्प्युटरपुढे बसलेला असतो, आणि यातल्या शेवटच्या दोन तासांना कुणी काम म्हणतच नाही. ‘कॉलवर आहे’ म्हणतात. परदेशी कंपनीचा निर्णय फिरला की इथल्या मेहनतीचं काय होतं तेही पुण्याने पाहिलं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती. २०२० मध्ये ती जाहीर झाली, झलक लोकांना रुचली नाही, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये सगळं काम माँट्रिअलला नेण्यात आलं.

उलट उदाहरणही पुण्याचंच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम २०२० मध्ये आणला. जागतिक पुरस्कारांच्या पदार्पणाच्या नामांकनांत त्याचं नाव आलं. पैसे उभे राहीनात, तेव्हा संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. अशा माणसांनी रात्री जागवल्या तर त्यांना कोण अडवणार? स्वतःचं स्वप्न, स्वतःचं घर पणाला. पण हाच दाखला देऊन पगारी टेस्टरला कुणी रात्रभर बसवू लागलं तर ती लबाडी आहे. फ्लॅट विकणाऱ्याचा गेममध्ये वाटा असतो, टेस्टरचा नसतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली गेली, त्यावरच्या कामाला दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे दोरी सैल झाली. पण खरी पळवाट निराळीच आहे. व्यवस्थापक, पर्यवेक्षक अशा पदांवरच्यांना हा कायदा लागू होत नाही. चोवीस वर्षांच्या पोराच्या पदनामाला ‘लीड’ किंवा ‘मॅनेजर’ हा शब्द जोडला की घरी पेढे वाटले जातात. त्याच दिवशी त्याचा ओव्हरटाइमचा हक्क वादात पडलेला असतो, हे पेढे खाणाऱ्याला कुठे माहीत असतं?

त्यातच मोठ्या माणसांचे सल्ले. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं बोलणं बाहेर आलं. त्यांनी ९० तासांची गोष्ट केली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही विचारलं. बायकांचं मत मात्र कुणी विचारलं नाही! जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जे सांगितलं, ते अशा सल्ल्यांशेजारी ठेवून बघावं. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. ही तुलना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी आहे.

राजनांदगाव, भिलाई, उरला

आठ तास ही कुणी दिलेली भेट नव्हे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि सूर्यास्ताला काम बंद अशा मागण्या मांडल्या. पाच हजारांवर कामगारांनी त्या निवेदनाला पाठिंबा दिला. सहा वर्षांनी, एप्रिल १८९० मध्ये, सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार बायकांनी उभं राहून भाषण केलं. त्या काळात! १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी आपण जे निवांत पोहे खातो, त्यात त्या दोघींचा वाटा आहे.

छत्तीसगडचीही स्वतःची गोष्ट आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या राजनांदगावच्या कापड गिरणीत १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली महिनाभराहून जास्त संप चालला. कारण एकच, कामाचे तास. पुढे १९४६ मध्ये कारखान्यांसाठी ४८ तासांचा आठवडा देशाच्या कायद्यात आला. व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी केलेली धडपड सर्वांना माहीत आहे.

कायदा आला, पण कंत्राटी कामगारापर्यंत तो पोचला नाही. दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणींत शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ मध्ये कामगारांची संघटना बांधली. तिच्यातल्या बायकांनी दारूविरुद्ध मोहीम चालवली आणि कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं. १९९० मध्ये नियोगी भिलाईत आले. भिलाईपासून उरल्यापर्यंतच्या खासगी कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांची मागणी होती जगण्याइतकं वेतन, कायम नोकरी आणि कायद्यात लिहिलेल्या सोयी. जे लिहिलंय तेवढंच द्या! २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगी झोपेत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १५हून जास्त कामगार गेले.

एवढं रक्त सांडून उरल्याच्या कामगाराच्या हातात काय आलं, हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर देताना जीभ अडखळते. बारा तास संपले नाहीत. मात्र एक फरक आहे. उरल्याच्या कामगाराला आपले आठ तास कुठे संपले आणि चोरलेले चार कुठे सुरू झाले हे ठाऊक आहे. भांडायला त्याच्याकडे आकडा आहे. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या स्टुडिओतल्या त्याच्याच वयाच्या मुलाकडे तो आकडाही नसतो. तो ‘थोडा उशीर झाला’ म्हणतो. आकडा असतो त्याच्या आईकडे, कारण जेवण कितीदा गरम केलं ते तिला आठवतं.

वही घालावी

अलीकडे गेमच्या धंद्यात वारं थोडं फिरलं आहे. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअरच्या टेस्टरांनी, म्हणजे रांगेतल्या त्या शेवटच्या माणसांनी, डिसेंबर २०२१ मध्ये संप केला आणि मे २०२२ मध्ये मतदानाने स्वतःची युनियन मिळवली. भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ आणि जादा कामाला दुप्पट दर ही तत्त्वं त्यांत आहेत. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क द्या, असं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं हे वेगळं सांगायला नको.

तोवर घरातल्या माणसांनी काय करायचं? हॉफमनबाईंनी केलं ते. तास लिहून ठेवायचे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मुलगा किंवा मुलगी कामाला किती वाजता बसली आणि किती वाजता उठली, एवढंच. रात्री आलेले मेसेज आणि ईमेल पुसू नयेत, कंपनीच्या कामाची तीच हजेरी असते. नेमणुकीचं पत्र एकदा सर्वांनी मिळून वाचावं, विशेषतः पदनाम आणि कामाचे तास यांच्या ओळी. जादा काम सांगितलं तर ते लेखी मागावं. ते विनम्रपणेही मागता येतं. तक्रार करायची वेळ आली तर ज्या शहरात कार्यालय आहे तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात जावं आणि जाताना ही वही न्यावी. झोप उडाली, जेवण तुटलं, बोलणं बंद झालं असं दिसू लागलं तर प्रमोशनपर्यंत थांबू नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीबेरात्रीही चालतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. फोन मुलानेच करायला हवा असं नाही, आईनेही केला तरी चालतो.